हळदीच्या पाण्यातला हिरवा

पत्र्याच्या शेडसमोर पाय ठेवायला जागा नव्हती. "हिरवं झालं! हिरवं झालं!" एकच ओरडा उठला. पाटावरच्या परातीसमोर हात जोडून बाया रडत होत्या. टाळ मीच वाजवत होतो. कीर्तनवेडा माणूस मी. कुणी देवाचं नाव घेतलं की हात थांबत नाहीत.

भूकंपाला तीन आठवडे झाले होते. औशाजवळच्या आमच्या वस्तीत प्रत्येक शेडमध्ये कुणीतरी कमी होतं. तिथं हा हिरवेबाबा उगवला. परातीत हळदीचं पाणी, त्यात अंगठा फिरवायचा, मंत्र पुटपुटायचा. पाणी हिरवं झालं की दुखणं बरं.

"हिमालयात बारा वर्षं एका पायावर उभा व्हतो! तुमच्यासाठी खाली उतरलो," बाबा गरजला. उतरला होता सोलापूरच्या एसटीतून, हे मी पाहिलं होतं. तरी टाळ वाजवत होतो. "पिवळं म्हंजे मरण, हिरवं म्हंजे जीव. पोरीच्या पायाला सुरी लावाल तर पोर जाईल!"

पोर म्हणजे तारामतीची नऊ वर्षांची वर्षाराणी. भिंतीखाली पाय चिरडलेला. लातूरच्या डॉक्टरांनी बजावलं होतं, पंजा काढा, नाहीतर विष वर चढेल. तारामतीनं घाबरून तिला दवाखान्यातून उचलून आणलं. त्याला सहा दिवस झाले. पाणी रोज हिरवं होत होतं आणि पाय काळा.

शेडवर हिरवे नंबर रंगवणारा भुजंग पेंटर शिडीवरून उतरला.

"महाराज, अंगठा दावा की जरा."

"का रे?"

"नखात नीळ दिसतीया."

"शंकराच्या कंठातली हाय ती, मूर्खा!"

"असंल. माझी चुन्यात घालायची हाय." भुजंगनं डब्यातली चिमूटभर नीळ दुसऱ्या परातीतल्या हळदीच्या पाण्यात ढवळली. पाणी हिरवंगार!

म्हातारी विठाबाई धाडकन त्याच्याच पायावर पडली. "देवा, माझा गुडघा बघ रं!"

"ऊठ गं मावशे! माझ्याकडं हिरव्याचा डबाच न्हाई. पिवळ्यात निळं घालूनच तुमचे नंबर रंगवतो की!"

तरी लोकांचे हात जोडलेलेच. तेव्हा भुजंगनं डबा तारामतीपुढं धरला. "अक्का, तू घाल."

तिनं बोट निळीत बुडवलं, नव्या पाण्यात फिरवलं. हिरवं. बोटाकडं ती बघतच राहिली.

"माझ्या बोटानंबी व्हतंय की... मग पोर बरी का न्हाई झाली?"

तिनं शेजारी निजवलेल्या पोरीच्या पायावरचं फडकं सोडलं. वासानं पुढची माणसं मागं सरकली. मी टाळ खाली ठेवले. त्या गडबडीत बाबा कधी पसार झाला, कळलंच नाही. आम्ही पोरीला जीपमध्ये घालून लातूरच्या दवाखान्यात नेलं.

पाय गुडघ्याच्या वरून कापावा लागला. "तेव्हाच दवाखान्यात थांबला असतात तर नुसता पंजा गेला असता," डॉक्टर मला म्हणाले. तारामतीला ते सांगायचं धाडस मला अजून झालेलं नाही.

सात वर्षं झाली. वर्षाराणी आता लातूरला अकरावीच्या क्लासला जाते. वर्ग तिसऱ्या मजल्यावर. जिन्यावर तिच्या कुबडीची ठकठक खालपर्यंत ऐकू येते.

मी आजही कीर्तनात टाळ धरतो. देव माझा तसाच आहे. पण पिवळ्यात निळं मिसळलं की हिरवं होतं, हे त्यानं कुणा बाबासाठी राखून ठेवलेलं नाही. ते तारामतीच्या बोटानंही होतं. म्हणून सांगतो, कुणी चमत्कार दाखवला तर आपले हात जोडण्याआधी त्याला हात धुवायला लावा. आणि दुखणाईताला आधी डॉक्टरकडं न्या.