बिगविगचा रुमाल

काशम्माच्या अप्पांचा रुमाल म्हणजे साधंसुधं प्रकरण नव्हतं, बरं का! डोक्याला गुंडाळायचं बारा हात पांढरंशुभ्र कापड, रोज सकाळी आरशासमोर अर्धा तास. सात रस्ता चौकात अप्पांचं, म्हणजे शंकरप्पांचं, कापडाचं दुकान, चार माणसांत वजन. तो रुमाल निजताना तेवढा उतरायचा.

चौऱ्याहत्तर साली काशम्मा मॅट्रिक झाली. शाळेत शिकलेला एक इंग्रजी शब्द तिनं जेवताना सांगितला. बिगविग. विलायतेत म्हणे पूर्वी बडे लोक खोट्या केसांचे टोप घालायचे. टोप जेवढा मोठा, तेवढा माणूस मोठा. टोप गेले, शब्द राहिला. बड्या असामीला आता कौतुकानंही म्हणतात, टिंगलीनंही.

"म्हंजे मीबी बिगविगच की!" अप्पा खूश.

"व्हय, टिंगलीतला," आई शांतम्मा भाकरी वाढत म्हणाली.

त्या हशात काशम्मानं हळूच विचारून घेतलं, "अप्पा, कॉलेजात इंग्रजी शिकू?" अप्पा हो म्हणाले. पण अकलूजचं स्थळ दारात उभंच होतं. कॉलेज हुकलं की मार्गशीर्षात अक्षता!

फॉर्म भरून तिनं अप्पांकडं दिला. शेवटची तारीख शनिवार. अप्पांनी तो देव्हाऱ्यात ठेवला. शुभ काम सोमवारी, सिद्धेश्वराच्या पायाला लावून करायचं, ही घरची रीत. "आन् तारीख-बिरीख आपल्याला कोण इचारतंय?"

विचारलं की! सोमवारी प्राचार्य शांतपणे म्हणाले, "मुदत संपली. नियम सगळ्यांना सारखा."

अप्पांनी दोन्ही हातांनी रुमाल उतरवला आणि टेबलावर ठेवला. त्याचे पेच सुटले. कपाळावर रुमालाचा वळ, वर विरळ पांढरे केस.

"चूक माजी हाय, सर. पोरीची न्हाय."

काशम्माला रडू आवरेना. प्राचार्य उठून उभे राहिले. "अहो, आधी तो डोक्यावर घ्या," म्हणाले आणि फॉर्मवर सही केली.

बाहेर अप्पांनी रुमाल बांधून पाहिला. आरशाशिवाय जमेना.

"अप्पा, थांबा, मी धरते."

"ऱ्हाऊ दे गं पोरी. फीची खिडकी बंद व्हईल, चल आदी!"

पुढं काशम्मानं तीस वर्षं इंग्रजी शिकवलं. तो शब्द आला की टोपाची गोष्ट ती हसत सांगायची. मग तिला आठवायचे रुमाल काखेत मारून, भर दुपारी सात रस्त्यानं उघड्या डोक्यानं घरी चाललेले अप्पा. तेवढा मोठा माणूस तिनं पुन्हा पाहिला नाही.