टेम्पो आला होता

निसर्ग वादळात नेत्राचे सासरे दयाराम गेले. पण ते वादळाने गेले असं घरात कुणीच म्हणत नसे. ते मागे राहिले म्हणून गेले. अर्धांगवायूने ते अंथरुणाला खिळलेले होते. त्या सकाळी वारा चढायला लागला तसं नेत्राचा नवरा प्रज्योत आणि धाकटा दीर केतन यांनी बायकापोरांना टेकडीवरच्या शाळेत नेऊन सोडलं. म्हाताऱ्याला आणायला ते परत फिरले तर रस्त्यावर सुपारीची झाडं आडवी झालेली. कुंपणं ओलांडत, वाऱ्यात सरपटत ते घरी पोचले तेव्हा पडवीचं छप्पर खाली आलं होतं.

दहाव्याला केतनने सगळ्या वाडीसमोर सांगितलं की यापुढे सुरूवाडीत एकही माणूस मागे राहणार नाही. तो रडत होता. नेत्राने त्याचा शब्द मनात धरला.

सुरूवाडी दिवेआगरच्या अलीकडे, सुरूच्या बनामागे दडलेली छोटी वस्ती. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला भरतीचं पाणी शिरणारं दलदलीचं खाजण आणि ते ओलांडायला एकच साकव, छोटासा पूल. नेत्रा तिथल्या अंगणवाडीत सेविका. वादळानंतर अलिबागला आपत्तीचं प्रशिक्षण झालं, त्याला ती गेली आणि परत आल्यावर तिने वाडीची योजना बसवली. देवळाच्या शिखरावर भोंगा लावून घेतला. धडधाकट माणसांनी पायवाटेने टेकडी चढायची, आणि ज्यांना चढवत नाही त्यांनी देवळाच्या ओट्यावर येऊन बसायचं. केतनने तोवर पिकअप टेम्पो घेतला होता. त्याने आधी ओट्यापाशी यायचं, म्हाताऱ्यांना उचलून घ्यायचं आणि साकवावरून वळसा घालून शाळेत पोचवायचं, असं ठरलं.

वर्षातून दोनदा रंगीत तालीम होई. म्हातारी वेणूबाई त्यासाठी ठेवणीतलं लुगडं नेसून येई. साखरेच्या आजारात एक पाय गेलेला दत्तात्रेय ओट्यावर बसून सगळ्यांना सांगे की समुद्र कधीही न सांगता येत नाही, हे सारं पोरींचं खूळ आहे. पण तालमीला तो चुकत नसे. केतन एकेकाला हाताला धरून टेम्पोत चढवी. आपल्या आईला, सोनूबाईला, तो सगळ्यांत शेवटी चढवी आणि म्हणे, घरच्या माणसाचा नंबर शेवटी. लोक हसत. नेत्राला त्या वेळी फार बरं वाटे.

मधल्या काळात केतनने घरामागे पाहुण्यांसाठी खोल्या बांधल्या. शनिवार-रविवारी पुण्या-मुंबईची माणसं येऊ लागली. त्याची बायको अमिषा उकडीचे मोदक आणि सोलकढी करण्यात गुंतलेली असे. घरं दोन झाली होती, प्रज्योत कामासाठी उरणला असायचा, पण सोनूबाई नेत्राकडेच राहायची.

त्या शनिवारी अमावास्या होती. थंडी सरत आलेली. दिवस मावळून थोडा वेळ झाला होता आणि नेत्रा अंगणातले कपडे काढत होती. एकाएकी अंगण हिरवट उजेडाने भरलं. सुपारीच्या सावल्या जमिनीवरून पळाल्या. तिने वर बघितलं तर एक लखलखीत गोळा मागे शेपटी सोडत समुद्राकडे चालला होता. बघता बघता त्याचे तुकडे झाले, तांबूस ठिणग्या झाल्या आणि सगळं विझलं. काही वेळ नुसती शांतता. मग असा दणका झाला की कौलं खडखडली आणि वाडीतली सगळी कुत्री एकदम ओरडायला लागली.

पाठोपाठ फोन सुरू झाले. कुणी म्हणे विमान पडलं, कुणी म्हणे क्षेपणास्त्र, कुणी म्हणे दिघीच्या बंदरात स्फोट झाला. मग किनाऱ्यावरून कुणीतरी एक चित्रफीत पाठवली. त्यात पाणी लांब मागे सरकलेलं दिसत होतं आणि मागून घाबरा आवाज येत होता, की आभाळातून काहीतरी पाण्यात पडलंय, समुद्र मागे गेलाय, आता लाट येणार. दत्तात्रेय आपल्या दारातून ओरडून सांगत होता की अमावास्येची ओहोटी अशीच असते, जन्मभर बघतोय. त्याचं कुणी ऐकलं नाही. नेत्रालाही त्याचं पटत होतं. पण समुद्र मागे हटला तर वाट बघत बसायचं नाही, एवढं तिला प्रशिक्षणात शिकवलेलं होतं. चूक झाली तर हसं होईल, एवढंच. तिने देवळात जाऊन भोंगा वाजवला.

योजना जशी बसवली होती तशी चालली. माणसं पोरांना कडेवर घेऊन पायवाटेला लागली. ओट्यावर वेणूबाई आली, दत्तात्रेयाला आणून बसवलं, आणखी दोन-तीन म्हाताऱ्या आल्या. सोनूबाईला नेत्राने हात धरून आणलं. दत्तात्रेयाचा पुतण्या काळूराम म्हणाला, काकाला मी पाठुंगळी घेतो. नेत्राने त्याला सांगितलं की तू पोरांना सांभाळ, टेम्पो येतोय. तो गेला.

तिने केतनला फोन लावला. त्याने पहिल्या घंटीलाच उचलला.

"निघालोच, वहिनी. आईला ओट्यावर बसव."

केतनच्या घरापासून येणारी वाट देवळाच्या थोडी खाली मुख्य रस्त्याला मिळते. तिथून डावीकडे देऊळ, उजवीकडे साकव. टेम्पोचे दिवे त्या वळणावर आले तसं ओट्यावरच्या सगळ्यांनी माना वळवल्या. वेणूबाई काठी सावरून उठायला लागली. सोनूबाईने हात वर केला, आम्ही इथे आहोत म्हणून.

टेम्पो उजवीकडे वळला.

मागच्या बाजूला माणसं दाटीवाटीने उभी होती. खोल्यांतले पाहुणे, त्यांच्या चाकांच्या बॅगा, पुढे अमिषा आणि मुलं. साकवावरच्या दिव्याखालून जाताना ते सगळं लख्ख दिसलं. सोनूबाईचा हात अजून वरच होता. तो खाली घ्यायचं तिला सुचलं नाही, नेत्रानेच तो हळूच खाली घेतला.

नेत्राने परत फोन लावला. केतनने उचलला नाही. मग तो लागेचना.

"येल तो," सोनूबाई म्हणाली. "पाव्हन्यांना सोडून येल."

वाडी रिकामी झाली होती. दूरवर ओहोटीच्या पाण्याचा आवाज येत होता आणि प्रत्येक वेळी तो जरा वाढला असं वाटून नेत्रा अंधारात वळून बघत होती. एकट्या माणसाने इतक्या जणांना टेकडीवर कसं न्यायचं, कुणाला आधी घ्यायचं, हे ती मनात जुळवत होती आणि ते कसंच जुळत नव्हतं. काळूरामला परत पाठवलं तो क्षण तिच्या डोळ्यांपुढून हलत नव्हता. ही माणसं तिच्या सांगण्यावरून इथे येऊन बसली होती. तिचं ऐकलं नसतं तर ती आपापल्या पोरांच्या पाठीवर बसून कधीच वर पोचली असती. सोनूबाईने तिचं मनगट घट्ट धरून ठेवलं होतं. दयारामांना त्या दिवशी असंच वाटलं असेल का, असं सोनूबाई एकदाच, अगदी हळू आवाजात म्हणाली.

नंतर फोनवर बातमी आली. ती उल्का होती, हवेतच जळून गेली, लाटेचा काही धोका नाही, अफवांवर विश्वास ठेवू नका. टेकडीवरची माणसं खाली उतरली ती हसत हसतच. कुणी अनवाणी पळालं होतं, कुणी गॅस तसाच चालू ठेवला होता. आभाळात तेज दिसलं तेव्हा आपण काय करत होतो हे जो तो दुसऱ्याला सांगत होता. ओट्यावरची माणसं मात्र मुकाट्याने आपापल्या घरी गेली.

केतन दुसऱ्या दिवशी सकाळी परतला. तो पार माणगावपर्यंत गेला होता. नेत्रा त्याच्या अंगणात जाऊन उभी राहिली. त्याने तिच्याकडे न बघताच सांगायला सुरुवात केली. पाहुणे किंचाळत होते, एकीच्या कडेवर तान्हं मूल होतं, ते न विचारता टेम्पोत चढले, त्यांना शाळेत सोडून परत येणार होतो, पण ते थांबूच देईनात, आणि पुढे रस्त्यावर ही गर्दी. आई तुझ्याबरोबर होती म्हणून मी निर्धास्त होतो, असंही तो म्हणाला. मग जरा धीर आल्यासारखा त्याने विचारलं, "आणि शेवटी झालं काय? काहीच नाही ना?"

"बाबांच्या वेळी रस्ता बंद होता, भावोजी," नेत्रा म्हणाली. "या वेळी उघडा होता."

एवढ्यावरच ते राहिलं असतं. पण पाहुण्यांपैकी एका मुलीने टेम्पोतून काढलेली चित्रफीत फोनवर टाकली होती. आभाळात विरत चाललेली धुराची रेघ, रडणारं बाळ, आणि चाक धरून बसलेला केतन. खाली तिने लिहिलं होतं की कोकणातल्या या दादाने जिवाची पर्वा न करता आम्हाला वाचवलं. ती चित्रफीत गावोगाव फिरली. एका वाहिनीवाल्यांनी येऊन केतनची मुलाखत घेतली. त्याने देवळासमोर उभं राहून सांगितलं की आमच्या वाडीची योजनाच आहे, आधी म्हातारी माणसं, मग बाकीचे. बोलताना त्याचा हात ओट्याकडे होता. नेत्रा ते अंगणवाडीच्या खिडकीतून ऐकत होती.

मग तालुक्यातल्या एका मंडळाने त्याचा सत्कार ठरवला, तोही आपल्याच देवळाच्या सभामंडपात, म्हणून वाडीतली सगळी माणसं खूश झाली. केतनने नेत्राला सांगितलं की योजना तुझी आहे, तू दोन शब्द बोल. त्याला खरंच वाटत होतं की असं केल्याने सगळं मिटेल. आदल्या संध्याकाळी सोनूबाई चुलीपाशी येऊन बसली आणि म्हणाली की झालं गेलं पोटात घाल, पाठचा भाऊ आहे तो तुझ्या नवऱ्याचा. नेत्रा काही बोलली नाही. सोनूबाईने त्याचा अर्थ आपल्याला हवा तसा लावला.

सत्काराला शाल झाली, नारळ झाला, भाषणं झाली. नेत्राला बोलावलं तशी ती ध्वनिक्षेपकापाशी जाऊन उभी राहिली. तिने केतनचं नाव घेऊन शिव्याशाप दिले नाहीत. तिने सांगितलं की भोंगा वाजला आणि वाडी वेळेत रिकामी झाली, याचं श्रेय सगळ्यांचं आहे. पण ओट्यावर बसलेल्या माणसांना न्यायला टेम्पो आला नाही. खरोखरची लाट आली असती तर ती सगळी गेली असती, मीही गेले असते. तेव्हा योजनेतली ही जागा फुटकी आहे आणि ती आपण दुरुस्त केली पाहिजे.

केतन शालीचं टोक हातात घेऊन खाली बघत होता. आणि मग बायकांच्या पहिल्या रांगेतून सोनूबाई उठली. गुडघ्यांवर हात ठेवून, सावकाश.

"टेम्पो आलेला," ती म्हणाली. "मी व्हते ना तिथं. माझा लेक आलेला. आमीच म्हटलं, आदी त्या तान्ह्या पोराला ने. नेत्राच्या ध्यानात न्हाय ऱ्हायलं."

नेत्राने वेणूबाईकडे बघितलं. वेणूबाई लुगड्याचा काठ नीट करत होती. तिने दत्तात्रेयाकडे बघितलं. त्याने डोळे मिटून घेतले होते, जसं काही त्याला झोप लागली होती. मागून कुणीतरी टाळी वाजवली आणि मग सगळ्यांनीच वाजवल्या. नेत्रा ध्वनिक्षेपक जागेवर ठेवून खाली उतरली.

त्या रात्री तिने उरणला प्रज्योतला फोन केला. तो तिकडे बंदरात ट्रेलर चालवायचा, महिन्यातून एकदा घरी यायचा. त्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, आई कशाला खोटं बोलेल, आणि बोलली असली तरी चारचौघांत भावाची अब्रू काढायची काय गरज होती. नेत्राने फोन ठेवून दिला.

दोन दिवसांनी वेणूबाई मागच्या दाराने आली. ती उंबऱ्यापाशीच उभी राहिली. तिने सांगितलं की तिला दर आठवड्याला दवाखान्यात जावं लागतं, दत्तात्रेयालाही, आणि नेणारा केतनच आहे, दुसरं कोण आहे. "खरं काय ते मला ठाव हाय, बाय," ती म्हणाली. नेत्राला वाटलं होतं की हे ऐकून बरं वाटेल. उलट तिला पहिल्यांदाच रडू आलं, कारण ते इथे, मागच्या दारी सांगितलं जात होतं. तिने वेणूबाईला चहा दिला. तो पिऊन ती आली तशी मागच्या दारानेच गेली.

सोनूबाई नेत्राच्याच घरी राहिली. नेत्रा तिला वेळेवर जेवायला वाढायची, गुडघ्यांना तेल लावायची, औषध द्यायची. बोलायची मात्र नाही. सोनूबाई शेजारणींना सांगे की सून मनात धरून बसली आहे. केतन एक-दोनदा अंगणात आला, आईशी बोलला आणि गेला. त्याच्या खोल्या आता आठवडाभर भरलेल्या असत.

मे महिन्यात पावसाळ्याआधीची तालीम आली. या वेळी नेत्राने टेम्पोचं नावच काढलं नाही. तिने अंगणवाडीतल्या खुर्च्यांना बांबू बांधून घेतले आणि वाडीतल्या बायकांना गोळा केलं. एका खुर्चीला चौघी. टेकडीची पायवाट चढून बघायची, कितपत जमतं ते. भोंगा वाजल्यावर ओट्यावर माणसं कमीच आली. दत्तात्रेय आला, त्याला काळूरामने आणलं. वेणूबाई घरूनच निघाली नाही. सोनूबाई आली आणि तिच्या खुर्चीचा पुढचा दांडा नेत्राने खांद्यावर घेतला.

वाट दगडांची होती. बायका दोनदा थांबल्या, खांदे बदलले, पुन्हा निघाल्या. नेत्राने खांदा बदलला नाही. करवंदीच्या जाळीपाशी वाट एकदम चढली तसा दांडा तिच्या मानेत रुतायला लागला. वरून सोनूबाईचा आवाज आला. तिने विचारलं, "तू माझ्याशी बोलशील का न्हाय कंदी?"

"चढ आहे, आई," नेत्रा म्हणाली. "बोलायला दम पुरत नाही."

आणि ती पुढचा पाय दगडावर नीट रोवून वर निघाली.