मला पाण्यात बुडवून ठेवा

मी एक जुना डोंगा आहे, मित्रांनो. डोंगा म्हणजे झाडाचं अख्खं खोड कोरून केलेली होडी. ही गोष्ट मी तुम्हाला पाण्याखालून सांगतो आहे. घाबरू नका, मी बुडालेलो नाही. मला मुद्दाम बुडवून ठेवलं आहे.

तिरोड्याजवळच्या बोदलकसा तलावाच्या काठी मी आधी आंब्याचं झाड होतो. एका वादळात आडवा झालो तेव्हा वाटलं, आता आपली रवानगी चुलीत. पण चैतराम नावाचा बावीस वर्षांचा जवान आपल्या वडिलांना आणि लाकूड तासायचा वाकस घेऊन आला आणि महिनाभर मला कोरत राहिला. मग चार जणांनी ढकलून मला पाण्यात सोडलं. झाड असताना घोटभर पाण्यासाठी मला मुळं ताणावी लागत. आता सगळा तलाव माझ्या पाठीखाली होता! मी थक्क झालो, आणि खरं सांगतो, अजूनही थक्कच आहे.

चैतराम जाळं टाकायचा आणि वल्ह्यानं माझ्या काठावर ठोकायचा. दोन ठोके हलके, तिसरा जोरात. त्या आवाजानं बुजलेली मासळी जाळ्याकडे पळायची. तोच आवाज ऐकून घरी त्याची बायको प्रेमिला भात चुलीवर चढवायची. गजेंद्र आणि दुर्गेश्वरी ही त्यांची लेकरं माझ्याच पोटात बसून वल्हं मारायला शिकली. हिवाळ्यात कुठकुठली पाखरं तलावावर उतरत, तेव्हा चैतराम हात थांबवून नुसता पाहत बसे. घरी कालवणाला उशीर झाला तरी चालेल!

ऊन तापलं की मात्र तो मला काठाशी आणायचा, पोटात दगड भरायचा आणि बुडवायचा. पहिल्या खेपेला मी भयंकर घाबरलो. मालक जिवावर उठला, असंच वाटलं. पण खाली गेलो आणि काय सांगू! ऊन पाण्यातून गाळून माझ्यापर्यंत येत होतं. ज्यांना मी आयुष्यभर पळवलं, ते मासे बेधडक माझ्या पोटात शिरत होते. दोन महिन्यांनी चैतरामनं मला वर काढलं, तेव्हा अंगावरच्या सगळ्या भेगा मिटल्या होत्या. तो लेकरांना म्हणाला, "लाकूड हाये ना बापा. कोरडं ठेवलं तं तडकते, पान्यात रायलं तं जगते."

वर्षं गेली. दुर्गेश्वरीचं लग्न गावातच झालं. गजेंद्र नागपूरला नोकरीला लागला. प्रेमिला गेली. चैतरामच्या डोळ्यांपुढे धुकं साचू लागलं, पण हात ठोका चुकले नाहीत.

गेल्या दिवाळीत गजेंद्र आला. "बाबा, डोये गेले तुमचे. आता एकटे कायले रायता? चला माह्यासंगं."

"अन् याचं का करू?" चैतरामनं माझ्या पाठीवर हात ठेवला.

"त्याची काळजी करू नका. मी जपतो न त्याले."

आणि त्यानं जपलं! मला ओढून अंगणात आणलं, वर टिनाचं छप्पर घातलं, हिरवा रंग फासला आणि पिवळ्या अक्षरात 'चैतराम' असं नाव लिहिलं. गावकरी येऊन फोटो काढू लागले. खोटं कशाला बोलू, मीही फुशारलो. चैतराम एका शब्दानं बोलला नाही. पोरानं एवढ्या मायेनं केलं, त्याला नको कसं म्हणावं? निघताना त्यानं माझ्या काठावर बोटांनी तीन ठोके दिले आणि गाडीत बसला. त्या दिवशी मी पहिल्यांदा त्याला रडताना पाहिलं.

नव्याचे नऊ दिवस संपले. माघ सरता सरता माझं अंग ओढू लागलं. होळीपर्यंत नाकापासून पोटापर्यंत चीर गेली. रंगाखाली ती कुणाला दिसेना. दिसली ती दुर्गेश्वरीला. तिनं घाबरून वडिलांना फोन लावला आणि कॅमेरा माझ्यावर धरला.

"मले नाही दिसत, बाई," चैतराम म्हणाला. "ठोकून पाय त्याले."

तिनं ठोकलं. दोन हलके, एक जोरात. नागपुरात, तिसऱ्या मजल्यावर बसलेला तो म्हातारा कान देऊन ऐकत होता.

"फुटक्या मडक्यावानी बोलून रायला," तो म्हणाला. "पान्यात टाक त्याले. उशीर नको करू."

शंभरावर किलोमीटरवरून, दिसत नसताना, माझं दुखणं त्याला कळलं. मित्रांनो, पाखरं पाहिली, तळ पाहिला, पण एवढं नवल मी पाहिलं नाही.

मग फोनवर पुन्हा चैतरामचा आवाज आला, जवळच उभ्या असलेल्या मुलासाठी. "गजू, तुह्या घरी मले काई कमी नाही. सूनबाई मायेनं वाढते. पन वर्सातून दोन महिने मलेबी पान्यात टाकत जाय रे."

दोनच दिवसांनी वडिलांना घेऊन गजेंद्रची गाडी अंगणात उभी राहिली. त्यानं स्वतः खांदा लावून मला काठापर्यंत ओढलं आणि गुडघाभर पाण्यात उभं राहून वडिलांच्या हातात एकेक दगड दिला. चैतराम चाचपडत ते माझ्या पोटात रचत होता. पाणी वर आलं तशी ती चीर गार झाली आणि माझा जीव भांड्यात पडला.

आता रोज सकाळी तो दुर्गेश्वरीचा हात धरून काठावर येतो आणि पाण्यात पाय सोडून बसतो. पावसाळा लागला की मी वर येईन आणि तो नागपूरला जाईल. दुर्गेश्वरी मला चालवणार आहे, आणि जाळं टाकलं की आधी फोन लावणार आहे. उन्हाळ्यात पुन्हा त्यानं यायचं आणि मी बुडायचं, असं ठरलं आहे.

मित्रांनो, आम्हा जुन्यांना जरूर जपा. रंग द्या, छप्पर द्या. फक्त त्याआधी एकदा विचारा, आमचं पाणी कुठं आहे. थांबा, शेवटचा शब्द माझा नाही. चैतराम आला आहे. पाण्यात हात घालून माझा काठ शोधतो आहे. दोन हलके, एक जोरात.