पायातली चांदी

आसेगावात उत्तमरावांच्या अंगणात त्या सकाळी पाय ठेवायला जागा नव्हती. बायांनी तोडे, वाळे, देव्हाऱ्यातले टाक, जे जे काळं पडलं होतं ते पदराला बांधून आणलं होतं. पुंजाजीने आजोबांचा करदोडा आणला होता. सगळ्यांचे डोळे चुलीवरच्या गंजाकडे, म्हणजे खोल पातेल्याकडे, आणि त्यापुढे मांडी घालून बसलेल्या रौप्यनाथ महाराजांकडे लागले होते.

महाराजांचं धोतर पांढरं, शाल पांढरी, दाढी पांढरी. नखं तेवढी काळी होती, पण नखांकडे कोण बघतो?

"चांदी म्हणजे चंद्राची लेक," महाराज सांगत होते. "लेकीचं मन दुखलं की ती काळवंडते. तिला मनवायला पितळेचं भांडं चालत नाही, स्टीलचं चालत नाही. गरिबाच्या जर्मनच्या गंजातच ती प्रसन्न होते."

ॲल्युमिनियमला इकडे जर्मन म्हणतात आणि जर्मनचा गंज घरोघरी असतो. देव आपल्याच भांड्यात उतरतो म्हटल्यावर कुणाला वाईट वाटेल? महाराजांनी उकळत्या पाण्यात पांढऱ्या अंगाऱ्याच्या मुठी टाकल्या, मंत्र पुटपुटले आणि उत्तमरावांची काळीठिक्कर पडलेली चांदीची वीट आत सोडली. पाणी फसफसलं. कुजक्या अंड्यासारखा वास सुटला.

"वास आला? निघाली अवदसा. नाकं झाका, नाहीतर तुमच्यात शिरेल."

सगळ्यांनी नाकं झाकली. नाक झाकलेला माणूस प्रश्न कमी विचारतो, हे महाराजांना अनुभवाने ठाऊक होतं. थोड्या वेळाने त्यांनी चिमट्याने वीट वर काढली, फडक्याने पुसली आणि उन्हात धरली. ती दुधासारखी पांढरी झाली होती. अंगणभर हात जोडले गेले. महाराज पैशाला शिवत नसत. फक्त प्रत्येक वस्तूचा एक तुकडा 'चंद्राचा वाटा' म्हणून कातरून झोळीत टाकत. चंद्राला तो कसा पोचवत, हे कुणी विचारलं नाही.

या सगळ्याच्या मुळाशी उत्तमराव होते. चांदीचा भाव चढायला लागला तसा त्यांना चांदीचा नाद लागला होता. सोयाबीन ठेवलं तर कीड लागते, नोटा ठेवल्या तर खर्च होतात, चांदी ठेवली तर ती आपली आपण वाढते, असं ते पारावर सांगत. कारंजाच्या सराफाकडून त्यांनी वीट आणली आणि त्यांचं बघून निम्म्या गावाने ऐपतीप्रमाणे काही ना काही घेतलं. भाव चढत होता तोवर उत्तमराव गावचे अर्थमंत्री होते. बँकेच्या लॉकरवर त्यांचा विश्वास नव्हता. वीट त्यांनी मळ्यातल्या खोलीत, फवारणीच्या पोत्यांमागे, एका पत्र्याच्या पेटीत लपवली आणि ही जागा बायकोलाही सांगितली नाही. घरी सगळे समजत की ती कपाटात आहे.

मग भाव कोसळला. त्याच आठवड्यात उत्तमराव पेटी उघडून बघतात तो वीट काळी. भाव पडला आणि वीट काळी झाली, या दोन गोष्टींची सोयरीक त्यांनी तिथल्या तिथे जुळवून टाकली. रौप्यनाथ महाराजांना गावात बोलावलं ते त्यांनीच.

वीट पांढरी झाली म्हणजे काम संपलं असतं. पण महाराजांनी डोळे मिटून विचारलं, "या घरात नवं कोण आलं?"

नवी आली होती ती सून, साधना. मेडशीची लेक, बीएस्सी झालेली, प्रज्वलशी लग्न होऊन पुरतं वर्षही झालं नव्हतं. ती स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. बायांमधून भुरीबाई हळूच म्हणाली, "पांढऱ्या पायाची असन." आणि हळू बोललेलं जसं सगळ्यांना ऐकू जातं तसं ते गेलं.

महाराजांनी भुरीबाईचं बोट धरूनच पुढचा रस्ता काढला. हिच्या सावलीने चांदी मरते, भाव पडतो, चांदी घरात स्थिरावेपर्यंत हिला दूर ठेवा, असा निवाडा त्यांनी दिला. भाव चढत होता तेव्हाही ती याच घरात होती. तेव्हा कुणी तिचे पाय धुऊन तीर्थ घेतलं नव्हतं.

उत्तमरावांना सगळं गाव आपल्याकडे बघताना दिसलं. ज्यांनी त्यांच्या शब्दावर चांदी घेतली आणि आता तोट्यात होते, ते सगळे. त्या नजरांना कुणीतरी दोषी हवा होता, आणि तो आपण नसलो तर बरं, एवढाच विचार त्यांच्या मनात आला.

"सूनबाई," ते भर अंगणात म्हणाले, "तू काही दिवस माहेरी जाऊन ये."

सासू गिरजाबाई पदर सावरत मागे सरकल्या. प्रज्वलने मान खाली घातली. साधना तेवढी पुढे आली. "मामाजी, माह्या पायातलं पाहा ना एक डाव," ती म्हणाली.

उत्तमरावांना ते उलट बोलणं वाटलं. त्यांनी तोंड फिरवलं. दुपारच्या एसटीने प्रज्वल तिला मेडशीला सोडून आला आणि त्या रात्री न जेवता झोपला.

साधना गेली. वीट पुन्हा मळ्यात, पुन्हा त्याच पेटीत गेली. पंधरवडा झाला नाही तोच उत्तमरावांनी पेटी उघडली. वीट काळी होती. जिच्या सावलीने ती मरत होती ती सून मेडशीला आणि वीट मात्र आसेगावात मेलेली.

साध्या माणसाला इथेच उमगलं असतं. पण उत्तमरावांनी महाराजांना फोन लावला. महाराज म्हणाले, तिची सावली अजून तुमच्यात अडकली आहे, तिच्या पायातली चांदी आणा, ती वितळवली की सगळं सुटेल. पायातली चांदी म्हणजे जोडवी. नवरा जिवंत असताना सुनेच्या पायातली जोडवी मागायला सासरा मेडशीच्या एसटीत बसला, आणि वाटेत त्याला एकदाही लाज वाटली नाही. ती पुढे वाटायची होती.

साधनाची आई पंचफुलाबाई दारातच होत्या. त्यांनी व्याह्यांना पाणी दिलं, चहा ठेवला, लेकीला का पाठवली हे विचारलं नाही. उत्तमरावांनी खाली बघत, अडखळत काम सांगितलं. पंचफुलाबाईंच्या हातातली बशी खाली ठेवली गेली.

"जावई जिता हाय माहा," त्या म्हणाल्या. "अन् तुमी जोडवी मांगाले आले?"

साधना ओसरीवर येऊन उत्तमरावांसमोर बसली. पाय पुढे केले. आता बघण्यावाचून इलाज नव्हता. तिच्या बोटांत जोडवी होती, लग्नात त्यांनीच घातलेली, आणि ती लख्ख पांढरी होती. ज्या बाईच्या सावलीने चांदी काळी पडते, तिच्या अंगाला रात्रंदिवस लागलेली चांदी पांढरी कशी? एवढा एक प्रश्न. त्याला बीएस्सी लागत नव्हती, डोळे लागत होते. त्या दिवशी अंगणात अख्खं गाव होतं आणि एकानेही मान खाली करून बघितलं नव्हतं.

"मामाजी, वीट कुठं ठेवली होती?" साधनाने विचारलं.

"कपाटात."

"कपाटात सासूबाईचे वाळेबी होते. ते काहून नाही काळे झाले?"

उत्तमराव फार हळू आवाजात म्हणाले, "मळ्यात. फवारणीच्या पोत्यामांगं."

"कायची पोते?"

"गंधकाची. भेंडीवर भुरी पडते तवा मारतो ते."

साधनाने कपाळाला हात लावला नाही की हसली नाही. तिने आईला एक अंडं उकडायला सांगितलं, आणि ते होईपर्यंत डाव्या पायातलं एक जोडवं ओढून काढलं. पंचफुलाबाई तिचा हात धरायला धावल्या. ती म्हणाली, "राहू दे आई. हे घ्यालेच आले ते." हे ऐकून उत्तमरावांना पहिल्यांदा लाज वाटली, आणि ती एकदा आली ती गेली नाही. त्यांना वाटलं, उठावं आणि चालू लागावं. पण ते बसूनच राहिले.

तिने गरम अंडं कुस्करलं, जोडवं त्यातल्या पिवळ्या बलकात पुरलं आणि वर वाटी पालथी घातली. चहा पिऊन, कप धुऊन होईपर्यंत जोडवं तपकिरी आणि मग काळपट झालं. मग ती शांतपणे सांगत गेली. अंड्यात गंधक असतं, म्हणून नासलं की तसा वास येतो. चांदीला गंधक लागलं की तिच्यावर काळा थर बसतो. तुमच्या पेटीशेजारी तर गंधकाची पोतीच होती. आणि महाराजांचा अंगारा म्हणजे खायचा सोडा आणि मीठ. गरम पाण्यात चांदी जर्मनला टेकली की जर्मन ते गंधक स्वतःकडे ओढून घेतं आणि चांदी जशीच्या तशी उरते. सुटतो तो वास गंधकाचा.

"म्हणूनच त्याले पितळेचं भांडं चालत नव्हतं," ती म्हणाली.

"अन् भाव?" उत्तमरावांनी विचारलं. विचारतानाच त्यांना आपलं विचारणं ऐकू आलं.

"भाव जगाच्या बाजारात पडते, मामाजी. त्या बाजाराले मी ठाऊकबी नाही."

उत्तमरावांना रडू आलं. ते म्हणाले, चल पोरी, घरी चल. साधना जागची हलली नाही. काळं जोडवं तिने तसंच कागदात गुंडाळलं.

"येतो मी," ती म्हणाली. "पण जिथं बोलले, तिथंच बोला."

उत्तमरावांना परतीच्या एसटीत शंभर पळवाटा सुचल्या. तब्येत बरी नाही म्हणावं, महाराजच चुकले म्हणावं, प्रज्वलला बोलायला लावावं. शेजारच्या सीटवर साधना खिडकीबाहेर बघत बसली होती. तिच्या एका पायात जोडवं होतं आणि एका पायात नव्हतं, आणि समोर बसलेली एक म्हातारी सारखी तिकडे बघत होती. उत्तमरावांनी सगळ्या पळवाटा एकेक करून सोडल्या.

महाराज दुसऱ्या दिवशी जोडवी वितळवायला ठरल्याप्रमाणे आले. अंगण पुन्हा भरलं. चूल पेटली, जर्मनचा गंज चढला. पण या वेळी पाण्यात सोडा आणि मीठ साधनाने टाकलं, तेही सगळ्यांना पुडे दाखवून. मंत्र कुणी म्हटला नाही. काळं जोडवं आत गेलं, वास सुटला आणि ते पांढरं होऊन वर आलं. कुणीही नाक झाकलं नाही. महाराजांना अचानक दुसऱ्या गावचं काम आठवलं आणि ते मोटरसायकलीपर्यंत पोचले, पण तिची चावी पुंजाजीच्या खिशात होती. करदोड्याचा तुकडा झोळीतून परत मिळेपर्यंत त्याने ती काढली नाही. पुढचं पोलिसांनी बघितलं. अशा बाबांसाठी आपल्या राज्यात कायदा आहे.

मग उत्तमराव उठले.

"चांदी माह्या हातानं काळी झाली," ते म्हणाले. "गंधकाच्या पोत्याजवळ मीच ठेवली. लपवून ठेवली. भाव पडला त्यात कोणाचाच हात नाही, पण तुमाले चांदी घ्या म्हणून मी सांगितलं होतं, अन् तुमी मले धरसान या भेवानं मी माह्या सुनेले पुढं केलं. तिनं सांगितलं होतं पायातलं पाहा. मी नाही पाहिलं."

भुरीबाई पदराची गाठ सोडत बसली होती.

"आता एकच सांगतो. घरात काही बिघडलं का आधी वस्तू ठेवली कुठं ते विचारा. घरात आलं कोण, ते नका विचारू."

साधनाने फडक्याने पुसून जोडवं पुन्हा पायात घातलं. आता सगळं अंगण तिच्या पायांकडे बघत होतं. उत्तमरावांनीही बघितलं, या वेळी तोंड न फिरवता, आणि घराच्या दारातून बाजूला होऊन तिला आधी आत जाऊ दिलं.