पाणी खाणाऱ्यांची शाळा

मित्रांनो, ही हकीकत २०२३ सालची, मार्च महिन्यातली आहे. मी एक जुना पितळी हंडा आहे. माझ्या पोटाला तोटी आहे. त्या वर्षी मी कोलकात्यातल्या एका लहान मराठी शाळेत जिन्याखाली उभा होतो, आणि माझ्यात छत्र्या ठेवलेल्या होत्या. तिथून फारसं काही दिसत नसे, पण ऐकू सगळं येई.

हावड्याच्या एका गल्लीत मला ठोकून घडवलं. तोटी बसवताना कारागिराचा हात चुकला, म्हणून ती जराशी वाकडी आहे. १९६० च्या सुमाराला हातगाडीवरून पूल ओलांडून मी शाळेत आलो. तेव्हा नव्वद मुलं होती. कुणाचे वडील रेल्वेत, कुणाचे बँकेत, तर कुणाचे आजोबाच इथं येऊन स्थायिक झालेले. घंटा झाली की माझ्यासमोर रांग लागे.

आमच्या या शहरात, मित्रांनो, पाणी पीत नाहीत, खातात. चहासुद्धा खातात. बंगालीत तसंच म्हणतात, त्यामुळे आमची मुलंही विचारत, "बाई, पाणी खाऊ?"

शाळेच्या शकुनबाई लग्न होऊन साताऱ्याहून आलेल्या. त्या म्हणत, "खा हो, खा. मीठ-लिंबू लावून देऊ का?"

एकदा मनोहर नावाचा मुलगा म्हणाला, "नको बाई, नुसतंच खातो." तो तास त्यानं माझ्या शेजारी उभं राहून काढला.

ही मुलं मोठी झाली आणि बरीच परदेशी गेली. १९९१ साली टोरांटोत गणपतीच्या जेवणाच्या रांगेत विनीता नावाची बाई म्हणाली, "जरा पाणी खाऊन येते." पुढच्या गृहस्थानं वळून विचारलं, "तुम्ही शकुनबाईंच्या का हो?" तो मनोहर. दोघांनी मिळून लंडन, सिडनी असं करत आणखी अकराजण शोधून काढले, आणि परदेशस्थ माजी विद्यार्थी संघ स्थापन झाला. पत्राखाली मात्र ते 'आपले पाणीखाऊ' अशी सही करत.

पहिलं पत्र मंदाकिनीबाईंनी माझ्याजवळ उभं राहून वाचलं. त्याही शकुनबाईंच्याच विद्यार्थिनी, पण इथंच राहून शिक्षिका झालेल्या. शकुनबाई ऐकून म्हणाल्या, "शिकवलेलं एकाच्याही लक्षात राहिलं नाही, चुकलेलं बरं राहिलं!" पण पत्र त्या घरी घेऊन गेल्या. २००४ साली त्या वारल्या.

संघानं शाळेला पंखे दिले, कपाटं दिली, पुस्तकं दिली, मग संगणक. शेवटी पाणी शुद्ध करणारं यंत्र आलं आणि मी जिन्याखाली गेलो. माझी तक्रार नाही. यंत्राचं पाणी चांगलं असतं. फक्त त्याच्यासमोर रांग लागत नव्हती, कारण मुलंच नऊ उरली होती. जुन्या घरांतली मुलं इंग्रजी शाळांत जात, आणि नवी मराठी कुटुंबं दूर न्यू टाउनमध्ये राहत.

२०२३ च्या मार्चच्या सुरुवातीला विश्वस्तांनी कळवलं, ३१ मार्चपर्यंत पंधरा मुलं झाली नाहीत तर शाळा बंद. मंदाकिनीबाईंनी संघाला पत्र लिहिलं. उत्तर आलं, 'नवा डिजिटल फळा पाठवू का?'

बाईंनी त्याच दिवशी मनोहरला फोन लावला. "मनोहरदा, फळा कुणासाठी? मुलं पाठव."

"मुलं कुठून पाठवू? माझी नातवंडं इथं बर्फावर हॉकी खेळतात."

"मग तू ये."

आणि तो आला. सदुसष्ट वर्षांचा, दोन्ही गुडघे कुरकुरणारे. विनीतानं तिकडून सगळ्या सभासदांना कामाला लावलं. प्रत्येकानं कोलकात्यातलं एक तरी मराठी घर शोधायचं. ती यादी घेऊन मनोहर न्यू टाउनच्या इमारतींमधून फिरला. ने-आण करायला गाडी देऊ, असा शब्द त्यानं संघाच्या वतीनं दिला. महिनाअखेरीला चौदा मुलं झाली.

३१ तारखेला दुपारी केतकी नावाची बाई आली. पुण्याची, नवऱ्याच्या बदलीमुळे तीन वर्षांपूर्वी इथं आलेली. बरोबर आठ वर्षांची मधुरा. ती एक शब्द बोलत नव्हती.

"हिचं मराठी पार बिघडलंय," केतकी म्हणाली. "सुधारेल ना इथं?"

"सुधारेल हो," मंदाकिनीबाई म्हणाल्या. "उन्हातून आलात, आधी पाणी खा."

मनोहर खोकला.

"काय म्हणालात?"

"प्या. प्या म्हटलं मी."

"हेच तर मला घालवायचंय! घरी दिवसभर यावरून ओरडते हिला. आणि इथं बाईच..." केतकीनं पर्स उचलली.

मंदाकिनीबाईंनी सारवासारव केली नाही. "माझ्या बाईंनी चार वर्षं टोकलं मला," त्या म्हणाल्या. "नाही गेलं. जन्म इथलाच आहे. पण मी मराठीत पत्र लिहिते, गोष्ट सांगते, भांडतेसुद्धा. तेवढं हिला नक्की येईल. बाकी या शहराचं थोडं लागणारच."

एवढ्यात कुणीतरी माझी तोटी पिळली. मधुरा होती. "आई, यातून काहीच येत नाही. मला खायचंय," ती म्हणाली, आणि तिनं पटकन तोंडावर हात ठेवला.

"खा बाळ," मनोहर म्हणाला. "मीठ लावून देऊ?"

मधुरानं आईकडे पाहिलं, मग बाईंकडे. कुणीच रागावलं नाही. मग ती हसली.

"यायचंय इथं?" केतकीनं विचारलं.

"हो. हे माझ्यासारखं बोलतात."

केतकीनं उचललेली पर्स खाली ठेवली. मग म्हणाली, "फॉर्म द्या. पण ते खाणं-पिणं मी घरी सुधारणार, सांगून ठेवते."

"जरूर सुधारा," मंदाकिनीबाई म्हणाल्या. "आमच्या बाईंनीही प्रयत्न केला होता."

शाळा राहिली. डिजिटल फळा आला नाही, गाडी सुरू झाली. ती अजून चालू आहे.

मनोहर परत गेला. पुढे त्याच्या गुडघ्यांची शस्त्रक्रिया झाली, आणि पुन्हा येणं त्याला जमलेलं नाही. विनीताची नजर अधू झाली आहे. दर शनिवारी शाळेतलं एक मूल तिला फोनवरून धडा वाचून दाखवतं आणि ती उच्चार तपासते. मंदाकिनीबाई निवृत्त होऊन सियालदहजवळ बहिणीकडे राहतात, बुधवारी येतात. मधुराच्या वडिलांची २०२५ मध्ये पुण्याला बदली झाली. तिची पत्रं बाईंना येतात, मराठीत, अक्षर वाईट. केतकी संघाची सभासद झाली. ती ना परदेशात, ना या शाळेची विद्यार्थिनी, पण पुण्याहून कुणाची बदली कोलकात्याला झाली की तिचा फोन पहिला जातो. मी जिन्याखालीच आहे.

मित्रांनो, तुमचीही एखादी शाळा असेल. तिला वस्तू द्या. मी स्वतः वस्तू आहे, मी नको कसं म्हणेन? पण वस्तू पोचली म्हणजे आपलं काम झालं, असं समजू नका. अधूनमधून फोन करून एवढंच विचारा, आज मुलं किती आली होती?