आधी कुजबुज, मग शब्द

भर दुपारी शब्दनाथाच्या मठीत अंधार असायचा. बाहेर कवठे महांकाळचं ऊन डोकं फोडत असायचं आणि आत खिडकीला घोंगडं, दाराला घोंगडं, वर धुपाचा असा लोट की शेजारी कोण बसलंय ते खोकल्यावरून ओळखावं. त्या दिवशी तर मुंगी शिरायला जागा नव्हती. पंचक्रोशीतली माणसं बैलगाड्या जुंपून आली होती, कारण लढाईत गेलेला मानसिंग आज बोलणार होता.

"शब्द जळत न्हाई, भक्तांनो! शब्द बुडत न्हाई! शब्दाला वाळवी लागत न्हाई!" शब्दनाथ डोळे पांढरे करून ओरडला. "शब्द आभाळात बिनबैलाच्या गाडीवानी फिरत ऱ्हातो. म्या फकस्त त्येला दावं लावतो!"

बिनबैलाच्या गाडीला दावं नेमकं कुठं लावतात, हे विचारायचं कुणाला सुचलं नाही. बायांनी पदर पसरले. हा बुवा पूर्वी लग्नात कर्णे लावायचा, तेव्हा त्याचं नाव लालासाहेब होतं आणि लोक त्याला "आवाज कमी कर की रं" म्हणून शिव्या घालायचे. आता त्याच्या पाया पडत होते.

इतरांचे मेलेले त्याच्याच तोंडून बोलायचे, सगळे एकाच घोगऱ्या आवाजात. आजा असो की आजी, घसा तोच. मानसिंगाची गोष्ट मात्र वेगळी निघाली. बुवा तोंड मिटून बसला, देवीच्या मुखवट्यामागून वाऱ्यासारखा सुसकारा आला आणि पाठोपाठ माणूस बोलू लागला.

"आई... मी मानसिंग बोलतोय."

अंजनाच्या अंगावर सर्रकन काटा आला. तो तिच्या नवऱ्याचाच आवाज होता. 'आई' म्हणताना जरा लांबवायचा, तसंच लांबवलेलं. लढाईला पाच वर्षं होत आली होती. चेहरा अजून आठवायचा, आवाज मात्र तिच्याकडून केव्हाच निसटला होता. रात्र रात्र आठवायचा प्रयत्न करायची, यायचा नाही. आणि आज तो अंधारातून चालत आला होता.

"हितं थंडी लय हाय... अंजना, ऐक... पोरीला देवीला सोडायची... माझी आण हाय तुमाला."

मग सुसकारा थांबला. मठीत रडारड झाली. अंजनाच्या सासूनं, चंद्राबाईनं, जमिनीवर कपाळ आपटलं. "ऐकलंस न्हवं, अंजे? त्योच बोलला! येत्या पुनवेला सुगंधाच्या गळ्यात मोती बांधायचं. आता माघार न्हाई."

सुगंधा आठ वर्षांची होती, तिसरीत होती, आणि देवीच्या नावानं गळ्यात मोती बांधले की पोरीचं काय होतं हे त्या भागात कुणाला सांगावं लागत नव्हतं. लग्न नाही, घर नाही, डोक्यावर परडी घेऊन दारोदार हिंडायचं, आणि पुढं जे होतं त्याला कुणी नाव देत नाही. शब्दनाथाच्या मठीला एक जोगतीण हवीच होती. चंद्राबाईचा तो जुना नवस: लेक लढाईहून सुखरूप आला तर नात देवीला सोडीन. लेक आला नाही. तर म्हातारीच्या मनानं घेतलं, मी आधीच सोडायला पाहिजे होती, उशीर केला म्हणून देवीनं लेक नेला. पाच वर्षं ती हे मनात घेऊन झिजत होती, आणि असल्या झिजलेल्या माणसाचा वास बुवांना बरोबर लागतो.

अंजनानं पाच वर्षं सासूला दाद दिली नव्हती. पण आता प्रत्यक्ष नवराच सांगत होता. त्याची आण कशी मोडायची?

घरी आल्यावर तिला अन्न गोड लागेना. डोळे मिटले की तो आवाज यायचा. आणि आवाजाच्या आधी दुसरंच काहीतरी यायचं. मठीत ती अगदी मुखवट्याजवळ बसली होती. मानसिंग बोलायच्या आधी, तीन-चार श्वासांवर, तेच शब्द कुणीतरी कुजबुजत होतं. आधी कुजबुज, मग शब्द. लोक म्हणाले, आत्मा लांबून येतोय, म्हणून आधी बारीक ऐकू येतो. असेल बाबा. पण एक कुजबुज अशी होती की तिचा शब्द पुढं आलाच नाही. 'अंजना, ऐक' च्या आसपास काहीतरी बारीक, घाईचं, रागातलं कुजबुजलं, आणि तसं मोठ्यानं कुणी बोललंच नाही.

नवरा आपल्याला काहीतरी सांगतोय आणि त्याला सांगू देत नाहीत, या विचारानं ती वेडी व्हायची वेळ आली.

सुगंधाच्या शाळेत जैनबबाई शिकवायच्या. सांगलीच्या रमजान मिस्त्रींची लेक. बापाचं तिथं रेडिओ-ग्रामोफोनचं दुकान. पोरगी शाळेतून काढणार म्हटल्यावर त्या तडक घरी आल्या. अंजनानं त्यांना सगळं सांगितलं, कुजबुजीसकट. सगळं ऐकून बाईंनी विचारलं.

"अंजनाबाई, डोंगरात हाक मारली तर पडसाद कधी येतो?"

"हाकंच्या मागनं."

"मग हा आधी कसा आला?"

ते कुणाला विचारायचं हे बाईंना ठाऊक होतं. दुसऱ्या दिवशी दोघी एस.टी.नं सांगलीला गेल्या.

रमजानचाचांचं दुकान म्हणजे आवाजांची धर्मशाळा होती. त्यांना ऐकणारं माणूस मिळालं की झालं, गिऱ्हाईक ताटकळलं तरी चालायचं. त्यांनी फळीवरून एक मेणाचं नळकांडं काढलं. "हे समद्यात जुनं. सुई आवाज ह्यावर कोरायची. मग आली लाखेची तबकडी, मिनिटाला अठ्ठ्याहत्तर फेरे. हातातनं सुटली की तुकडं गोळा करा. मग ही लांब वाजणारी, तेहतीस फेऱ्यांची. वाकते, पण फुटत न्हाई. ही झाली कोरलेल्या आवाजाची जात. दुसरी जात चुंबकाची, म्हंजे फितीची. पयली मोठ्या चकतीवरची, आणि आता ही नवी, डबीतली कॅसेट. कोरलेला आवाज खरखरतो, पोरी, आणि फितीचा सुसकारतो. तुज्या मानसिंगाचा काय करत हुता?"

"सुसकारत हुता," अंजना म्हणाली. पण तिचं लक्ष चाचांकडं नव्हतं. फळीवरच्या त्या मोठ्या चकतीकडं ती बघत राहिली होती. "चाचा, ही आमच्या देव्हाऱ्यात हाय."

"कुठनं आली?" चाचांनी विचारलं.

मानसिंग पलटणीत वायरलेसवर होता. तो गेल्यावर सरकारनं त्याची काळी ट्रंक घरी धाडली. तिच्यात कपडे, दाढीचं सामान आणि ही चकती. ती कशाची, घरात कुणाला कळलं नाही. लेकाची शेवटची वस्तू म्हणून चंद्राबाईनं ती देव्हाऱ्यात मांडली, रोज हळदीकुंकू वाहिलं, जवळ दिवा लावला. दोन महिन्यांपूर्वी शब्दनाथ घरी आला, चकती बघून डोलला, शुद्ध करायला म्हणून मठीत घेऊन गेला आणि लाल फडक्यात बांधून परत दिली. वर ताकीद, गाठ सोडली तर आत्मा भटकेल.

रमजानचाचांनी एक जुनी फीत यंत्रावर चढवली. कुणीतरी गाणारी बाई होती. गाण्याच्या आधीच्या शांततेत तिचाच सूर, बारीक, भुतासारखा ऐकू आला. अंजनानं बाकाची कड घट्ट धरली.

"घाबरू नगंस. चकतीवर फितीचं पदर एकावर एक बसत्यात. लई दिवस तशीच ऱ्हायली, त्यात ऊब लागली, की एका पदराचा आवाज शेजारच्या पदरावर उमटतो. म्हणून एक फेरा आधी कुजबूज. आणि ह्या चकतीला तर दिव्याची ऊब रोजच." चाचांनी यंत्र बंद केलं. "आता हे नीट ऐक. फीत मधनंच कापून जोडता येती. कापलेला शब्द जातो. पण शेजारच्या पदरावर उमटलेली त्याची कुजबूज तिथंच ऱ्हाती. ती त्या कापणाऱ्यालाबी ऐकू आली नसंल."

अंजना दुकानात ओक्साबोक्शी रडली. मग डोळे पुसून म्हणाली, "चला, बाई. मला घरी जायचंय."

घरी येऊन तिनं सासू विहिरीवर गेलेली बघितली आणि लाल फडक्याची गाठ सोडली. आत गोडेतेलाच्या डब्याचं पत्र्याचं झाकण होतं. दोन महिने म्हातारी त्याला कुंकू लावत होती.

"मी मुसलमानाची लेक, पुढं झाले तर लोक भलतंच धरतील," जैनबबाई स्पष्ट बोलल्या. "तुम्हीच विचारा. मी मागं आहे."

पुनवेच्या दुपारी मठी पुन्हा भरली. सुगंधाला हिरवं लुगडं नेसवून बुवापुढं बसवली होती. पोरगी घामानं निथळत आईला शोधत होती. मागं, दारापाशी, रमजानचाचा आणि बाई. सुसकारा सुरू झाला.

"आई... मी मानसिंग बोलतोय."

अंजना उठली. खरंच तो असला तर? तरी ती बोलली. "आवं, ऐकलं का? तुमच्या लेकीचं नाव काय?"

"हितं थंडी लय हाय..."

"पोरीचं नाव सांगा! मी इचारतीय, अंजना!"

"अंजना, ऐक..."

लोक कुजबुजायला लागले. "गप बस!" बुवा खेकसला. "आत्म्याला मधी अडवू नगं, कोप हुईल!"

"बायकूनं नवऱ्याला लेकीचं नाव इचारलं तर कोप हुतोय?" अंजना पुढं झाली आणि तिनं मुखवट्यामागचं घोंगडं ओढलं. चुलत दीर अर्जुना धावला, त्यानं मागची फळी उचकटली. आत बॅटरीवरचं यंत्र, त्यावर फिरत असलेली चकती. अर्जुनानं घाबरून तिच्यावर हात ठेवला. मानसिंगाचा आवाज जाड होत गेला, "दे...वी...ला...", खोल विहिरीत उतरावा तसा उतरला आणि बंद पडला. बाया किंचाळल्या. बुवा दाराकडं सरकला, पण दार माणसांनी भरलं होतं.

रमजानचाचा पुढं आले. त्यांनी फीत हातानं मागं घेतली आणि एक जागा उजेडात धरली. तिथं चिकटपट्टीचा जोड होता. मग आवाजाचं बटण शेवटपर्यंत पिळलं आणि म्हणाले, "आता कुणी श्वासबी मोठ्यानं घेऊ नका."

सुसकारा मठीभर झाला. 'थंडी लय हाय' आणि 'अंजना, ऐक' यांच्यामधल्या शांततेत, फार लांबून, तो बोलला:

"...आई म्हणती... मी असू नसू, ते व्हायचं न्हाई... पोरगी शाळंत घाला..."

"आधीचं 'आई म्हणती' कापलं, मागचं 'ते व्हायचं न्हाई' कापलं, मधलं 'देवीला सोडायची' तेवढं ठेवलं," म्हणत चाचांनी पुन्हा लावलं. तिसऱ्यांदा चंद्राबाईच हात जोडून म्हणाली, "लावा, बाबा." मग तिनं सरकत जाऊन सुगंधाला मांडीवर ओढलं आणि तोंडात पदर कोंबून रडली. "माज्या लेकानं मला नगं म्हणून सांगितलं हुतं," ती म्हणत राहिली. "मला सांगितलं हुतं गं."

शब्दनाथ कोपऱ्यात उभा राहून म्हणत होता, यंत्र देवीनंच पाठवलं. ऐकायला कुणी तयार नव्हतं. दोघांनी त्याला पोलीस चौकीवर नेलं.

गर्दी पांगायला लागली तसा अर्जुना अंजनाजवळ आला. "वैनी, खरं सांगा. आज मानसिंगदादा बोलला का न्हाई?"

"बोलला," अंजना म्हणाली. "पर मेल्यावर न्हवं, भावजी. जिता असताना बोलला, आन् आमी कुणी ऐकलं न्हाई. ही वस्तू काय हाय, एवढं जरी इचारलं असतं तरी त्येचा सांगावा तवाच मिळाला असता." ती दाराशी थांबलेल्या लोकांकडं वळली. "तुमीबी ऐका. मेलेलं माणूस हुकूम सोडत न्हाई. कुणी सोडतोय म्हणला, तर त्येला मधीच थांबवून प्रश्न इचारा. उत्तर आलं न्हाई, तर त्यो हुकूम जित्या माणसाचा हाय. त्यो कोण आन् त्येला काय पायजे, ते बघा, आन् मग आपली पोरगी कुणाच्या हातात द्यायची का न्हाई ते ठरवा."