बिनफवारणीचा वाफा

आई गेल्यापासून बाबांना घर खायला उठायचं, म्हणून लेक त्यांना रोज सकाळी आपल्याबरोबर संशोधन केंद्रावर न्यायला लागली. हरभऱ्यावरच्या किडींचा अभ्यास हे तिचं काम. एका वाफ्यात औषध अजिबात मारायचं नाही. कोणती कीड कधी येते, कधी वाढते, कधी ओसरते, एवढंच बघायचं. रोपं कोवळी असताना देठ कुरतडणारी अळी यायची. मग थंडी सरता सरता घाट्यात डोकं खुपसून दाणा फस्त करणारी हिरवी अळी. वर्षानुवर्षं हाच क्रम.

बाबा बांधावर खुर्ची टाकून बसायचे. "तुझी पोरं भलतीच खादाड हं," अळ्यांकडे बघून म्हणायचे. बऱ्याच दिवसांनी त्यांच्या तोंडून थट्टा ऐकून तिलाही हायसं वाटायचं.

पुढे घाटे भरले. शेजारच्या शेतांत अळीने धुमाकूळ घातला, पण या वाफ्यात शुकशुकाट. तिला काही उमगेना. एकदा ती प्रयोगशाळेतून लवकर परतली, तर बाबा ओळीत उकिडवे बसून एकेक अळी वेचून डब्यात टाकत होते.

"बाबा! अहो, काय करून ठेवलंत हे? सगळ्या हंगामावर पाणी फिरवलंत!"

बाबा गडबडून उठले. "अगं, डोळ्यांदेखत खात होत्या..."

"खाऊच द्यायचं असतं! नुसतं बघायचं, सांगितलं होतं ना?"

"डॉक्टरही असंच म्हणाले होते," बाबा हळूच म्हणाले. "आता काही करू नका, नुसते जवळ बसा. बसलो की. तुझ्या आईजवळ बसूनच होतो मी."

ती त्यांच्या हातांची माती पदराने पुसत राहिली.

केंद्राच्या प्रमुखबाईंना तिने स्वतःच जाऊन सांगितलं. त्या वर्षीचा वाफा बाद झाला. बाहेरच्या माणसाला यापुढे आत आणायचं नाही, असंही ठरलं.

दुसऱ्या दिवशी बाबा दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून दारात तयार.

"बाबा, आजपासून..."

त्यांनी ओळखलं. "बरं," म्हणाले आणि चपला काढून ठेवल्या. "उन्हात फार उभी राहू नकोस."

ती जिना उतरायला लागली. मागे आतून कडी लागली, तशी ती पायरीवरच बसली आणि तोंडात पदर कोंबून रडली. आई गेली तेव्हाही ती एवढी रडली नव्हती.